निष्काळजीपणा एकट्याचा नसतो

नागपूरच्या ब्राह्मोस एरोस्पेस प्रकल्पातील एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये पाकिस्तानच्या आयएसआयसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरी आणि सायबर दहशतवादाच्या गंभीर आरोपांतून त्याची मुक्तता केली. मात्र गोपनीय माहितीची योग्य काळजी न घेतल्याबद्दलची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

अटकेची बातमी येताच त्याला गद्दार ठरवून मोकळे झालेले आता गप्प आहेत. दुसरीकडे, सुटका झाली म्हणजे काही घडलेच नव्हते, असा सूर लावणारेही आहेत. वास्तविक हा निकाल दोघांनाही सोयीचा नाही. माणूस हेर नव्हता, पण संरक्षणविषयक गोपनीय माहिती त्याच्या खासगी संगणकात होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंबहुना, आजच्या सायबर युद्धाचे मर्म नेमके येथेच आहे. शत्रूला आता फितूर शोधावा लागत नाही. बेसावध माणूस पुरेसा होतो.

सापळा कसा रचला गेला, हे पाहण्यासारखे आहे. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार, समाजमाध्यमांवर स्त्रियांच्या नावाने उघडलेल्या बनावट खात्यांवरून ओळख झाली, परदेशातील नोकरीचे आमिष दाखवले गेले आणि त्या निमित्ताने संगणकात काही ॲप उतरवून घ्यायला लावले गेले. माहिती चोरणारी यंत्रणा त्या ॲपमध्येच दडलेली होती. येथे कुंपण ओलांडले गेले नाही की कुलूप तुटले नाही. एका तरुणाची महत्त्वाकांक्षा हेच प्रवेशद्वार ठरले.

मग प्रश्न असा की, काळजी घेण्याची जबाबदारी केवळ त्या एकट्याचीच होती काय? ज्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली ही शिक्षा झाली, तो १९२३ सालचा आहे. नकाशे आणि कागदी फायली कपाटात बंद ठेवण्याच्या काळातला. तो व्यक्तीच्या हलगर्जीपणाला शिक्षा देतो. पण कोणत्याही कार्यालयातील गोपनीय माहिती घरच्या संगणकापर्यंत पोहोचते, तेव्हा ती पोहोचू देणारी व्यवस्थाही दोषी असते. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे करणार?

आपल्या कार्यालयांत, मग ती सरकारी असोत वा खासगी, कर्मचाऱ्याने रात्री घरी बसूनही काम करावे अशी अपेक्षा असते. परंतु त्यासाठी सुरक्षित साधन देण्याचा खर्च मात्र टाळला जातो. सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदा सही करून घेण्याचा कागद. त्याहून घातक आहे ती भीती. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने तो कळवणे बंधनकारक आहे. पण चुकीच्या दुव्यावर बोट पडले हे वरिष्ठांना सांगितले तर नोकरी जाईल, असे ज्याला वाटते तो सहा तासच काय, सहा महिनेही तोंड उघडणार नाही. थकलेला, एकाकी आणि धास्तावलेला कर्मचारी ही केवळ कल्याण विभागाची चिंता नव्हे; ती सुरक्षेतील भगदाड आहे.

ही गोष्ट क्षेपणास्त्रांपुरती आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. अशिलाची कागदपत्रे व्हॉट्सॲपवर फिरवणारा वकील, ग्राहकांची विवरणपत्रे घरच्या संगणकात ठेवणारा सनदी लेखापाल, रुग्णांचे अहवाल खासगी फोनवर मागवणारा डॉक्टर हे सारे त्याच वाटेवर उभे आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेतील कुचराईबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. पण दंडाने गेलेली माहिती परत येत नाही.

उपाय अवघड नाहीत. कामाचे संगणक आणि घरचे संगणक वेगळे असावेत. परदेशी नोकरीचा प्रस्ताव आला तर तो निर्भयपणे कार्यालयात दाखवता यावा. चूक तत्काळ सांगणाऱ्याला संरक्षण आणि ती लपवणाऱ्याला शिक्षा, हा नियम असावा. आणि घराघरांत, मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर कोणाशी बोलत आहे, हे पाळत म्हणून नव्हे, आपुलकीने विचारले जावे.

देशभक्तीच्या घोषणा देणे सोपे आहे; आपल्या हातातील माहिती जपणे हे रोजचे, कंटाळवाणे, कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे व्रत आहे. ते न पाळता एकाच माणसावर सगळा दोष ढकलून मोकळे होणारा समाज पुढच्या सापळ्याची वाट स्वतःच मोकळी करून देत असतो.