३५० ‘सीसी’ची रेषा आणि इंजिनाची निवड

कोल्हापूर - मोटारसायकल लहान इंजिनाची घ्यावी की मोठ्या, हा प्रश्न आता ताकद आणि मायलेजपुरता उरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला; त्यापुढील दुचाकींवर मात्र उपकरासह ३१ टक्के असलेला कर ४० टक्के झाला.

करापूर्वीची किंमत दोन लाख रुपये धरल्यास दोन्ही गटांतील कराचा फरक पूर्वी सहा हजार रुपयांचा होता; तो ४४ हजारांवर गेला. विम्याची रेषाही तीच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ‘थर्ड पार्टी’ विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६, तर त्यापुढे २,८०४ रुपये ठरला.

अर्थात, सीसी म्हणजेच ताकद नव्हे. रॉयल एन्फिल्डची ३४९ सीसीची ‘क्लासिक’ सुमारे २० बीएचपी ताकद देते, तर २०२३ मध्ये आलेल्या ३९८ सीसीच्या ‘ट्रायम्फ स्पीड ४००’ची ताकद जवळपास दुप्पट होती. मात्र ‘क्लासिक’चे इंजिन कमी फेऱ्यांवरच पूर्ण ओढ देते. महाद्वार रोडची गर्दी आणि करूळ घाटाची वळणे, दोन्हीकडे तीच उपयोगी पडते.

केंद्राने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गावर मोटारसायकलसाठी ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरविली. पुण्याच्या वाटेवरही जादा ताकदीला वाव थोडाच. नेहमी दोघांनी, सामानासह लांबचा प्रवास करणाऱ्यांनीच ही जादा किंमत मोजावी. इतरांसाठी रेषेअलीकडचे इंजिन पुरेसे आहे.