वाचकाचा प्रश्न आणि वृत्तपत्राचे मौन

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकाच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. दाराशी येऊन पडलेल्या अंकात उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांचे एकमत झाल्याची ठळक बातमी होती. आणि चहाचा पेला हाती घेऊन दूरचित्रवाणी संच लावावा, तो राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलेला! अंक खोटा नव्हता. तो रात्री छापला गेला होता आणि राज्याचे भवितव्य त्यानंतर फिरले होते. पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास नवे सरकार आले. ते चार दिवसही टिकले नाही, हा भाग निराळा.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. तोवर ते अंक उघडत ते मागील पानापासून, क्रिकेटच्या बातमीसाठी. त्या सकाळी त्यांना एक प्रश्न पडला. राष्ट्रपती राजवट उठवावयाची तर केंद्रीय मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो. मग भल्या पहाटे हे मंत्रिमंडळ भरले कोठे? "आमच्याकडे मोडकी खुर्ची दुरुस्त करावयाची तर टिपणी तीन टेबलांवरून फिरते," असे ते म्हणाले. हा प्रश्न विनोदाचा नव्हता. कागदावर कोणाची सही केव्हा आणि कोणत्या अधिकाराने होते, हे ज्याने जन्मभर पाहिले त्याचा तो नेमका प्रश्न होता. त्याचे उत्तरही होते. केंद्र सरकारच्या कामकाजविषयक नियमांतील बारावा नियम तातडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना नेहमीची रीत बाजूस ठेवण्याची मुभा देतो. मंत्रिमंडळाची संमती मागाहून घेतली तरी चालते. लिपिकमहाशयांना हे कळले ते काही दिवसांनी, आतल्या पानावरील एका छोट्या मजकुरातून. पहिल्या पानावर तेव्हा कोणता आमदार कोणत्या हॉटेलात उतरला, याची खबरबात होती.

तेव्हापासून या गृहस्थांना राजकारणाची गोडी लागली. राज्यघटनेची मराठी प्रत त्यांनी विकत आणली आणि कार्यालयात जाताना लोकलच्या डब्यात ती उघडून बसू लागले. अशी माणसे गेल्या काही वर्षांत पुष्कळ दिसतात. शिक्षकांच्या खोलीत, बँकेच्या रांगेत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पक्षांतराचा कायदा आणि राज्यपालांचे अधिकार यांवर जी चर्चा ऐकू येते, ती वीस वर्षांपूर्वी वकिलांच्या बैठकीबाहेर सहसा ऐकू येत नसे. विधानसभेच्या २०१९ च्या निवडणुकीत सुमारे ६१ टक्के मतदान झाले होते. २०२४ साली ते सुमारे ६६ टक्क्यांवर गेले. मतदानाला अन्य कारणेही असतात, म्हणून या आकड्यावर फार भार टाकू नये. परंतु सामान्य माणूस राजकारणाला कंटाळला आहे, हा जो सिद्धान्त सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सारखा मांडला जातो, तो निदान महाराष्ट्रात खरा नाही. तो कंटाळला आहे तो बातम्यांना.

जून २०२२ मधील घटनाक्रम आठवून पाहावा. शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तेथून गुवाहाटीला, तेथून गोव्याला. वाहिन्यांनी या प्रवासाचे दिवसरात्र वर्णन केले. गुवाहाटीची झाडी, डोंगर आणि हॉटेल यांची महती तर शाळकरी मुलांनाही तोंडपाठ झाली. आणि या साऱ्या गदारोळात एक आकडा अष्टौप्रहर घुमत राहिला : सदतीस. पंचावन्न आमदारांचे दोन-तृतीयांश म्हणजे सदतीस, तेवढे जमले की कायद्याचा अडसर संपला, अशीच सर्वसाधारण समजूत झाली. आता वस्तुस्थिती अशी, की १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले तेव्हा एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण काढून टाकले. उरला तो दोन-तृतीयांशांचा नियम, आणि तो दुसऱ्या पक्षात विलीन होण्यापुरता आहे. मूळ पक्ष आमचाच असे म्हणत वेगळी चूल मांडणाऱ्यांसाठी नव्हे. फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात स्पष्ट केले. म्हणजे ज्या आकड्याचा एवढा जप झाला, तो मूळ वादात निर्णायक नव्हताच. ते बारा कोटींच्या राज्यास वेळीच आणि सोप्या भाषेत सांगणे हे वार्ताहराचे काम होते. ज्यांनी ते केले त्यांचा आवाज त्या कोलाहलात पोहोचला नाही. आमच्या लिपिकमहाशयांना ही गोष्ट परिशिष्ट वाचून स्वतःच कळली, आणि त्यांचा वृत्तपत्रावरील विश्वास तेव्हा प्रथम डळमळला.

मराठी वृत्तपत्राला ही स्थिती शोभणारी नाही, कारण त्याची घडणच निराळी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. पुढे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधून लोकहितवादींनी शतपत्रे लिहिली आणि समाजदोषांबरोबर राज्यकारभार म्हणजे काय, याचीही ओळख वाचकाला करून दिली. त्या वाचकाला मताचा अधिकार मिळण्यास अजून शंभर वर्षे अवकाश होता! ज्याच्या हाती काहीही नव्हते, त्याला राज्य कसे चालते हे सांगणे त्या काळच्या संपादकांना अगत्याचे वाटले. आज ज्याच्या हाती मत आहे त्याला आपण सांगतो ते कोण कोणावर नाराज आहे, कोण कोणाच्या मोटारीतून उतरले आणि मागच्या दाराने कोण गेले.

विधिमंडळाचे कामकाज छापण्याचा अधिकार वृत्तपत्रांना फुकट मिळालेला नाही, याचाही विसर पडलेला दिसतो. संसदेच्या कामकाजाचे खरेखुरे वृत्त दिल्याबद्दल पत्रकारावर खटला होऊ नये, यासाठी फिरोझ गांधी यांनी खासगी विधेयक आणले आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ साली, तो रद्द करण्यात आला. १९७७ च्या सत्तांतरानंतर तो पुन्हा आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेतच स्थान मिळून राज्यांची विधिमंडळेही त्याखाली आली. सत्तेला ज्या वृत्तांची भीती वाटली, ती वृत्ते छापण्याचे आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी आता आपण होऊनच जवळजवळ सोडून दिले आहे. सेन्सॉरची गरजच उरली नाही. सभागृहातील चर्चेचा सविस्तर वृत्तान्त हा एके काळी दैनिकाचा कणा होता. आज त्याची जागा पायऱ्यांवरील घोषणांच्या छायाचित्राने घेतली आहे.

डिसेंबर २०२४ मधील नागपूर अधिवेशनाचेच पाहा. १५ तारखेला ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ला अधिवेशन सुरू झाले, २१ ला ते संपले, आणि खातेवाटप झाले ते त्याच २१ तारखेच्या रात्री. म्हणजे सबंध अधिवेशनभर बहुतेक मंत्र्यांना आपले खाते कोणते हे ठाऊक नव्हते. शाळेविषयी कोणी प्रश्न केला तर त्याचे उत्तर देण्यास कोण बांधील होता? जबाबदार राज्यपद्धतीच्या मुळाशी जाणारी ही बाब. ती छापून आली नाही असे नाही. परंतु त्या आठवड्यात ठळक टाइप लाभला तो मंत्रिपद हुकलेल्यांच्या रुसव्याला.

याहून गंभीर गोष्ट पैशाची. २००९ च्या निवडणुकांत, आणि विशेषतः महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत, उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमीच्या रूपाने छापली गेल्याचे आरोप झाले. निरनिराळ्या वृत्तपत्रांत एकच मजकूर शब्दशः आल्याचे उघडकीस आले. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. या दोघांनी ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात नावेही दिली. परिषदेने २०१० साली प्रसिद्ध केला तो मात्र आखूड अहवाल; मूळ अहवाल उजेडात यावयास केंद्रीय माहिती आयोगाचा २०११ मधील आदेश लागला. दुसऱ्यांच्या दडवलेल्या अहवालांवर अग्रलेख लिहिणाऱ्या व्यवसायाने स्वतःचा अहवाल असा दडविला. हे वाचकाने एकदा पाहिले, की पुढे खरी बातमीही त्याला विकलेली वाटू लागते, आणि त्यात दोष त्याचा नसतो.

न छापलेल्या गोष्टींचे मोल किती असते, हे मुंबई महापालिकेच्या उदाहरणावरून कळावे. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांच्या वादात निवडणूक लांबत गेली. राज्यातील रखडलेल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत उरका, असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. दरम्यान आयुक्त हेच प्रशासक होते. अर्थसंकल्प मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. २०२५-२६ चा तो अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता, आणि त्यावर बोलावयास एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता. या मुदतीत एखाद्या नेत्याच्या एखाद्या वक्तव्यावर जेवढे रकाने खर्ची पडले, त्यांच्या दशांशानेही हा विषय दिसला नाही. रस्त्यातील खड्डा छापला गेला. तो खड्डा बुजविण्याविषयी जाब कोणाला विचारावयाचा, ते मात्र छापले गेले नाही.

आमच्या अडचणीही आहेत. कागद महाग, अंकाची किंमत त्याच्या खर्चाच्या मानाने नाममात्र, आणि ती तूट भरून काढणारा जाहिरातदार बहुधा सरकार तरी असतो किंवा सरकारचा कंत्राटदार तरी. जिल्ह्याच्या ठिकाणी जो बातमीदार असतो, त्याच्याच गळ्यात कित्येकदा जाहिराती आणण्याचे कामही पडते. त्याने जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करावी ही अपेक्षा निष्ठुर आहे. वाचकही अगदी निर्दोष नाही. रुसव्याफुगव्याच्या बातमीवर तो टीका करतो, परंतु आधी वाचतो तीच. हे सारे मान्य करूनही एक प्रश्न राहतोच. जो वाचक घटनेचे परिशिष्ट लोकलमध्ये उभ्याने वाचतो, त्याला विधेयकावरील चर्चा कंटाळवाणी वाटेल हे आम्ही कशावरून ठरविले? त्याला कोणी विचारले होते काय?

लिपिकमहाशयांनी नागपूर अधिवेशनाच्या त्या आठवड्यात एका दैनिकाला चार ओळींचे पत्र पाठविले होते. खात्यावाचून मंत्री असताना तारांकित प्रश्नांना उत्तर कोण देते, एवढेच त्यात विचारले होते. पत्र प्रसिद्ध झाले नाही. त्याची स्थळप्रत त्यांनी, सवयीप्रमाणे, जावक क्रमांक घालून फाइलला लावून ठेवली आहे.