चवड्यांवरची गाडी

पुतण्यानं भाजी वाहायला पिकअप घेतली आणि आठवड्याच्या आत विचारलं, "काका, लिफ्ट किट दोन इंचाचं घेऊ की चार?" स्वतःची उंची वाढायचं वय सरलं, आता गाडीची!

अरे बाबा, वर काय जातं ते तरी बघ. किटनं चढते ती चासी. मागचा अखंड अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच. तो उचलायला मोठे टायरच लागतात. म्हणजे धोतर वर खोचलं, पाय चिखलातच! वर गाडी वळणावर झुलणार, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय कंपनीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल नको, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. सुप्रीम कोर्टानं २०१९ साली तेच बजावलं.

हे सगळं सोड. हौदा चार इंच चढला की प्रत्येक पोतंही चार इंच जास्त चढवायला लागणार. ते काही तू उचलत नाहीस, हमाल उचलतो. इंच किती, ते मला नको विचारूस. त्याच्या पाठीला विचार.