खुर्ची सुटल्यावर माणसाला काय लागतं? दारापूरच्या निमित्ताने

२५ जुलै २०२५. दर्यापूर तालुक्यातलं दारापूर गाव. बिहार, सिक्कीम आणि केरळचे माजी राज्यपाल रा. सू. गवई यांचा स्मृतिदिन. त्यांचे पुत्र आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी गावकऱ्यांसमोर जाहीर केलं, की निवृत्तीनंतर ते कोणतंही सरकारी पद घेणार नाहीत. दारापूर, अमरावती, नागपूरला जास्त वेळ देतील. नोव्हेंबरमध्ये ६५ वर्षं पूर्ण होताना ते निवृत्त झाले.

बातम्या झाल्या त्या पद न घेण्याच्या. पण प्रत्येक घराशी संबंध आहे तो दुसऱ्या भागाचा: मोकळा झालेला वेळ कुणासाठी?

संशोधन काय सांगतं?

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांच्या मते मध्यम वयात माणसाला पुढच्या पिढीसाठी काही करण्याची ओढ लागते. ती पूर्ण झाली नाही, तर साचलेपण येतं.

जपानमधल्या ओसाकी इथे ४३ हजारांहून अधिक लोकांचा सात वर्षं अभ्यास झाला. जगण्याला काही अर्थ आहे, असं न वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण आजारी माणसालाच जगणं निरर्थक वाटत असेल तर?

ही शंका कमी करणारा प्रयोग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाला. साठीपुढच्या काही जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्राथमिक शाळांत पाठवलं. आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला मदत करायची. त्यांच्यातल्या आणि शाळेत न गेलेल्यांतल्या मिळून शंभरएक जणांच्या मेंदूची तपासणी झाली. दोन वर्षांत, विशेषतः शाळेत गेलेल्या पुरुषांमध्ये, स्मरणशक्तीशी निगडित भाग आकसण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. गट लहान होता, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही.

मग नातवंडं सांभाळणं पुरेसं नाही का?

काहींना तेच हवं असतं. पण बाल्टिमोरचे आजी-आजोबा स्वतःहून आले होते. त्यांना प्रशिक्षण होतं, सोबत होती, प्रवासखर्चापुरते पैसेही होते. सून कामाला जाते म्हणून आजीवर पडलेली दिवसभराची जबाबदारी ही वेगळी गोष्ट. गुंतलेलं असणं आणि अडकलेलं असणं यात फरक आहे.

वऱ्हाडात हे कसं लागू पडतं?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक सुमारे १० टक्के होते. त्यातल्या बहुतेकांना निवृत्तीची तारीखच नसते. कापूस पिकवणारा शेतकरी गुडघे साथ देईनात म्हणून थांबतो. व्यवहार मुलाच्या हाती जातो आणि हळूहळू पेरणीबद्दलही त्याला कुणी विचारत नाही. कष्ट थांबले याचं दुःख कमी असतं. विचारणं थांबलं, ते जास्त लागतं.

तरुणांचंही यात नुकसान आहे. १९८५ मध्ये वकिली सुरू केलेल्या गवईंनी सुरुवातीची वर्षं बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काढली. वकिलीत अशी उमेदवारी रूढ आहे. शेती, गवंडीकाम, शिवणकाम किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांत शिकवणारी माणसं गावातच असतात, पण दोघांची गाठ घालून देणारं कुणी नसतं.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. जिल्हा परिषद शाळेत आठवड्याचे दोन तास, ठरलेला वार, ठरलेली चार मुलं. एखाद्या मंगळवारी आजोबा आले नाहीत, तर ते का आले नाहीत हे विचारायला ती मुलं घरी येतील, एवढी ओळख झाली की सुरुवात झाली.