दंडाची पावती आणि अटकेचे वॉरंट

वाहतुकीच्या नियमांना कष्टकऱ्यांचा विरोध नाही. बेदरकार मोटारीखाली प्रथम चिरडला जातो तो पायी चालणारा श्रमिकच. प्रश्न दंडाच्या वर्गीय स्वरूपाचा आहे. १ सप्टेंबर २०१९ रोजी सुधारित मोटार वाहन कायदा अमलात आला आणि विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर गेला. त्याच महिन्यात दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये एका स्कूटरस्वाराच्या हाती २३,००० रुपयांची पावती पडली. स्कूटरची किंमत, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, १५,००० च्या आसपास! १९ सप्टेंबरला राजधानी परिसरातील रिक्षा, टॅक्सी व मालमोटारी संपावर गेल्या, त्या काही हौसेने नव्हे. गुजरातच्या भाजप सरकारलाही त्याच महिन्यात दंडाच्या रकमा उतरवाव्या लागल्या.

धनिकाला हा दंड एका मेजवानीचा खर्च; रिक्षाचालकाला कित्येक दिवसांची कमाई. ती भरता आली नाही की प्रकरण न्यायालयात जाते. समन्स जुन्या पत्त्यावर निघते, आणि बिहार वा बुंदेलखंडातून येऊन वरचेवर खोली बदलणाऱ्याला ते मिळणार कोठून? तो गैरहजर राहतो, वॉरंट निघते; काल जो केवळ दरिद्री होता, तो आज कायद्याच्या लेखी फरारी ठरतो.

युनियनच्या कार्यकर्त्यांनी येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ७० वे कलम घ्या, वा १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे ७२ वे घ्या: वॉरंट काढणारे न्यायालय ते रद्द करीपर्यंत, अथवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहते. ‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे चारून ते मरत नाही. तीस हजारी असो, साकेत असो, ज्या न्यायालयाचे वॉरंट तेथेच चालकाने स्वतः हजर होऊन रद्द करण्याचा अर्ज द्यावा. सोबत युनियनचा माणूस असावा. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरला गेल्यास १९७८ चा मोतीराम खटला पुढे करावा. त्यात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागून, परजिल्ह्यातील भावाची हमी नाकारली गेली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले.

फिनलंड काही समाजवादी देश नव्हे. तरी तेथे १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड ठरविण्याची पद्धत आहे आणि भरधाव मोटार हाकणाऱ्या लक्षाधीशाला ती चांगलीच झोंबते. हीच मागणी आपल्या वाहतूक युनियनांनी आता संसदेपुढे मांडावयास हवी.