हप्त्यावर नको, भागाभागाने घेऊ

दहावीचा निकाल लागला की मुलं गेमिंग कॉम्प्युटर मागतात आणि दुकानदार अब्बूंपुढे हप्त्यांचा कागद ठेवतो. त्यात व्याज असेल तर आम्ही सरळ नको म्हणतो. ईदी साठवून भागाभागाने घेता येतो.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी बघा. सहा कोअर, शिवाय ग्राफिक्स त्यातच. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ वेगळ्या कार्डाशिवाय चालतो. इंटेलचा आय३-१२१००एफ घेतलात तर कार्ड त्याच दिवशी लागेल, नावातल्या 'एफ'चा अर्थच तो. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा, रॅम डीडीआर४. डीडीआर५ त्यात बसतच नाही. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ची एकच नको. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याची वाट दुप्पट रुंद होते.

काटकसर करायची तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर करा (मुलं रुसतील, रुसू द्या). कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा बिननावाचा पॉवर सप्लाय मात्र घेऊ नका. तो बिघडला तर मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. ५५० वॅटचा, ८० प्लस शिक्क्याचा घ्या. कार्ड इन्शाअल्लाह पुढच्या ईदला, याच सप्लायवर.