पायाळू आणि रक्ताचा आकडा

गेल्या पावसाळ्यात चार दिवस कटंगीस राहण्याचा योग आला. कटंगी हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. बावनथडी ओलांडली की अलीकडे आपला भंडारा जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात एकत्र नांदत होता. पुढे सीमा आखली गेली. पण सोयरिकी, शेतीची बोली आणि घरोघरीचे समज यांनी ती सीमा अद्याप मानलेली नाही.

आमच्या एका वृद्ध आप्तबाईंच्या घरी मी उतरलो होतो. सायंकाळी पाऊस लागलेला. त्यांचा बारा वर्षांचा नातू फोनवर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील १९९९ सालचा चित्रपट पाहत होता. त्यात एक योद्धा-गुरू एका गुलाम मुलाच्या रक्ताचा थेंब तपासावयास देतो. त्या रक्तात ‘मिडिक्लोरियन’ नावाचे सूक्ष्म जीव वीस हजारांहून अधिक निघतात. एवढा आकडा कोणा सिद्ध गुरूचाही नाही! यावरून ठरते की, विश्वशक्ती या मुलावर प्रसन्न आहे. नातवाने हे सारे आजीस मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मंग हा त् आपला पायाळूच होय गा!”

नातवाचा हिरमोड झाला. मला मात्र वाटले की, विज्ञानकथेच्या या प्रकाराची इतकी नेमकी परीक्षा कोणा टीकाकाराने क्वचितच केली असेल.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आलेला माणूस. त्याला भूमिगत धन दिसते, जमिनीखालचे पाणी कळते, त्याने हलकी लाथ मारली की कंबरेतली उसण निघते, आणि वीज मात्र त्याच्याकडे ओढली जाते, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. या समजुतीत देवाचा वर नाही, तपश्चर्या नाही, मंत्रदीक्षाही नाही. आहे ती केवळ एक शारीरिक घटना. गूढ सामर्थ्याला जीवशास्त्रीय कारण देण्याची युक्ती हॉलिवूडने शोधली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या सुइणींनी ती फार पूर्वी शोधली होती.

वैद्यक याविषयी काय सांगते? गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळ मुले, जवळजवळ चारांत एक, डोके वर करून असतात. बहुतेक आपण होऊन फिरतात. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात शंभरांत तीन-चारच तशी राहतात. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जुळे, गर्भजलाचे कमीअधिक प्रमाण, गर्भाशयाचा आकार अशी त्याची कारणे असतात. अशा बाळंतपणात डोके शेवटी येते व अडकण्याचा धोका असतो. ज्या काळी डॉक्टर नव्हता, त्या काळी त्यातून सुखरूप सुटलेले मूल घराला विलक्षण वाटले असेल, तर नवल नाही. पण विलक्षण रीतीने वाचणे निराळे आणि जमिनीतले सोने दिसणे निराळे. पहिल्याचे कारण सापडले म्हणून दुसरे खरे ठरत नाही.

नेमकी हीच गफलत या जातीच्या विज्ञानकथेत होते. १९४० साली ए. ई. व्हान व्होग्ट यांच्या ‘स्लॅन’ कादंबरीत मनकवड्या माणसांच्या डोक्यावर त्यासाठी खास तंतू उगवले. १९६३ साली ‘एक्स-मेन’ या चित्रकथांत जन्मजात बदलामुळे अद्भुत शक्ती लाभलेली मुले आली. प्रत्येक वेळी भाषा प्रयोगशाळेची. पण शक्ती खरोखर आहे की नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेलाच नाही. ती आधीच मान्य करून टाकली व मग तिला पेशींचा अंगरखा चढवला.

कथेत असे चालावयाचेच, तेथे सगळेच कल्पित, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. माझी तक्रार कल्पनेबद्दल नाही. त्या कल्पनेतून निघणाऱ्या न्यायाबद्दल आहे. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ती शक्ती सर्व सजीवांतून निर्माण होणारी व चराचराला बांधणारी होती, साधनेने तिच्याशी नाते जोडता येईल अशी आशा शेतावरच्या पोराला वाटे. बावीस वर्षांनी तीच शक्ती रक्ताच्या आकड्यावर आली. अनेक जुने चाहते त्यामुळे रागावले. गूढ उकलले म्हणून ते रागावले, असे सांगतात. मला वाटते, दार बंद झाले म्हणून रागावले. जे साधनेचे होते ते जन्माचे झाले.

आपणांस हे लवकर कळावयास हवे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा लहानपणापासून आपण ऐकतो. ती घडली की नाही हा वाद बाजूस ठेवा. तिचा रोख पाहा. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना जन्मावरून नाकारले, त्यांनी ज्ञानाचा मक्ता एका जनावराच्या तोंडून मोडून काढला. आता कोणी आधुनिक कथाकाराने लिहिले की, त्या रेड्याच्या मेंदूत एक विशेष जनुक होते, तर कथा वैज्ञानिक होईल काय? मुळीच नाही. फक्त तिचा प्राण जाईल, आणि ज्या पंडितांविरुद्ध ती सांगितली गेली त्यांचाच पक्ष बळकट होईल.

मराठी विज्ञानकथेला याहून चांगला मार्ग ठाऊक आहे. २० मे २०२५ रोजी निवर्तलेले जयंत नारळीकर हे जन्माने कोल्हापूरचे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत त्यांनी धार्मिक कुतूहलाचा विषय घेतला, पण त्याची उकल उजव्या-डाव्याची अदलाबदल करणाऱ्या भूमितीत शोधली. कोणाला जन्मजात सिद्ध पुरुष केले नाही. कथेबाहेर तर ते अधिक काटेकोर होते. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्यास दिल्या. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. ती शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणे उडविले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. आधी शक्ती आहे का ते पाहा, मग तिचे कारण शोधा, हा तो क्रम.

हा क्रम चुकला की काय होते, ते कथेपुरते राहत नाही. गुप्तधनासाठी पायाळू माणसे शोधणारे भोंदू आपल्याकडे आहेत. दाभोलकरांच्या २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू व जलस्रोत यांच्या शोधासाठी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा निराळा उल्लेख करावा लागला. तो कायदा बावनथडीपर्यंतच चालतो. समजूत नदी ओलांडून जाते.

आणि रक्ताच्या आकड्याची दुसरी बाजू मी त्याच घरी पाहिली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. घरच्या थोरल्या नातीचे कार्ड आले होते. ती वाहक निघाली. तिला स्वतःला काही त्रास नाही. पण एक ठरत आलेली सोयरीक ‘मुलीच्या रक्तात दोष आहे’ म्हणून फिसकटली होती.

येथे खरे जीवशास्त्र ऐकण्यासारखे आहे. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले की, हे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर ते मलेरियाच्या घातक रूपापासून संरक्षण देते. दोघांकडूनही आले, तर दुखणे उभे राहते. वाहक पतिपत्नींच्या प्रत्येक अपत्याला तो धोका चारांत एक असतो. म्हणजे रक्तात खरोखरच एक सामर्थ्य सापडले. पण ते कोणाला निवडलेला ठरवत नाही, की कोणाला टाकाऊ. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात पिढ्या जगविण्याची ती निसर्गाची तडजोड आहे, आणि तिची किंमतही चुकवावी लागते.

निघण्यापूर्वी मी हे आजींना जमेल तसे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे पोरीले काहीच करा लागत नाही?” मी म्हटले, “आजी, एवढेच करा. पुढचे स्थळ आले की पत्रिकेच्या आधी मुलाचे कार्ड मागा.” नातीने आतून चहा आणला. नातू फोन बाजूला ठेवून आपले कार्ड कोठे ठेवले आहे, ते पत्र्याच्या डब्यात शोधू लागला.